नम्र अक्षरांची पालिका

पालिकेचं पत्र उघडलं की कुणीतरी अंगावर खेकसल्यासारखं वाटतं, अशी तक्रार एका वर्षात चारशे बारा नागरिकांनी केली. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या त्या चिमुकल्या गावच्या पालिकेनं समिती नेमली. कर, दंड आणि कचरा हे विषय समितीच्या कक्षेबाहेर होते. सबब दोष अक्षरांचा ठरला.

नवं अक्षर काढायचं काम अक्षरं रेखणाऱ्या वीत्स्केकडे आलं. तिची लेक फेन्ना नऊ महिन्यांची. ती झोपली की वीत्स्के अक्षरं काढायला बसायची: बाळाच्या जावळासारखी बारीक, उजवीकडे किंचित कललेली, टोकांना शेपट्या-बिपट्या काही नाहीत. तिचा ‘एफ’ तर पाळण्यात डोकावणाऱ्या आईसारखा वाकायचा. लग्नपत्रिकेवर, अत्तराच्या बाटलीवर शोभावीत अशी अक्षरं. पालिकेच्या पाळणाघरात फेन्नाला जागा मिळाली, तरच वीत्स्केला नोकरीवर परत जाता येणार होतं. त्या जागेचा अर्ज बाळाच्याही आधी जन्मला होता.

बैठकीत प्रत्येकाला कॉफी आणि एक बिस्किट मिळालं, आणि डबा लगेच बंद झाला. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही, ही तिथली रीत.

“झकास!” करखात्याचा रोएलॉफ म्हणाला. “पण आमचा मजकूर जड. अक्षर जरा हलकं करा की.”

“मग आम्ही काय घोडं मारलंय?” दंडखात्याची हिल्के म्हणाली. “आम्हाला त्याहून हलकं हवं. आणि आणखी कलतं. लवून बोलल्यासारखं.”

कचराखात्याला काळी शाई उद्धट वाटली. फिकट करडी ठरली.

“अहो, पण वाचता यायला नको का?” वीत्स्केनं विचारलं.

“आपण सौजन्याचं बघतोय, बाई,” रोएलॉफ म्हणाला. “वाचण्याचं पुढच्या बैठकीत घेऊ.”

दोन महिन्यांत तक्रारी शून्यावर आल्या. कचरा उचलायचा वार बदलल्याचं कुणालाच कळलं नाही. सगळं गाव ओसंडणाऱ्या डब्यांमधून सायकली काढत राहिलं, पण रागावलं कुणी नाही. रागवायचं कशावर, तेच वाचता येत नव्हतं. पालिकेला सौजन्याचा चषक मिळाला.

आणि एका मंगळवारी वीत्स्केच्या दारात पालिकेचं पत्र पडलं. फेन्नाला कडेवर घेऊन तिनं कागद खिडकीशी धरला. काय ते अक्षरांमधलं अंतर! काय तो कल! “बघ गं चिमणे, आईचा ‘एफ’!” फेन्नानं कोपरा चाटून संमती दिली. पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागलं.

रविवारी सासूबाई आल्या. तिकिटं जमवायचं त्यांचं भिंग पर्समध्येच असायचं. ते लावून त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. “अगं वीत्स्के, पाळणाघरात जागा मिळालीये! शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय, नाहीतर जागा दुसऱ्याला. कुठला गं शुक्रवार?”

“परवा गेला तो,” वीत्स्के म्हणाली आणि तिनं चौकट भिंतीवरून उतरवली.

सोमवारी फेन्नाला घेऊन तिनं पालिका गाठली. हकिगत ऐकून खिडकीमागच्या रोएलॉफचा चेहरा फुलला. “खुद्द तुम्हालाही वाचता आलं नाही? समितीला केवढा आनंद होईल!” त्यानं एक कागद पुढे सरकवला. “इथं सही करा.”

“यात काय लिहिलंय?”

“ते मलाही लागत नाही हो. पण किती नम्र आहे, बघा ना!”

फेन्ना भुकेनं रडायला लागली होती. मागे रांग खाकरत होती. वीत्स्केनं सही केली. आणि फेन्नाचं नाव, आईच्या राजीखुशीनं, पाळणाघराच्या यादीतून कायमचं निघालं.

खुळी बाई, असं आत्ता तुम्ही मनात म्हणालात. म्हणा की! फक्त कालच मोबाइलवर ‘सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत’ असं ज्यावर बोट टेकवून सांगितलंत, त्यातली एक अट सांगा बघू. एकच.