बारा आणि पंचावन्न

तारमास्तरांनी जीपची पुढची सीट काढून दिवाणखान्यात आणून ठेवली, तेव्हा त्यांच्या पत्नीने फक्त एवढंच विचारलं की, आलागेला माणूस आता इथे बसवायचा का. मास्तर म्हणाले, बसवायला हरकत नाही, पण पट्टा लावायला सांग. शुक्रवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर एअर फिल्टरचा डबा होता, स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार स्पार्क प्लग वर्तमानपत्रावर वाळत पडले होते, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता जीप घरातून जाणार होती.

ती जाणार होती मास्तरांच्याच तोंडामुळे. बुधवारी सकाळी ते जावयाला ऑफिसला सोडायला निघाले. मोठ्या चौकात इंजिनाचा पिवळा दिवा लागला, जीपने दोन आचके दिले आणि ती ठप्प झाली. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या जावयाने ती एकट्याने ढकलत कडेला घेतली. संध्याकाळी ती ओढून घरी आणली, आणि हात धुऊन झाल्यावर तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "बाबा, आता पुरे. मी एक गिऱ्हाईक बघतो." गिऱ्हाईक म्हटल्याबरोबर मास्तरांचं डोकं तापलं. त्यांनी सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "रविवारी पाचच्या आत ही गाडी स्वतःच्या तोंडाने सांगेल की मला काही झालेलं नाही. नाही सांगितलं, तर खुशाल न्या." जावई दुसऱ्याचं वाक्य लक्षात ठेवणारा माणूस होता. त्याने त्याच रात्री गिऱ्हाइकाला रविवारी पाचची वेळ देऊन टाकली.

गाडी स्वतःच्या तोंडाने सांगेल, यात मास्तरांच्या बाजूने कसलीही अतिशयोक्ती नव्हती. जीप अठ्ठावीस वर्षांची होती आणि तारखात्याच्या लिलावातून आलेली होती. तिच्या पोटात जेवणाच्या डब्याएवढा एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्याला बोलायला तो पिवळा दिवा सोडून दुसरं काही नव्हतं. किल्ली पटापट तीनदा फिरवली की दिवा उघडझाप करायचा. एकदा लुकलुक, जरा थांबून दोनदा, म्हणजे बारा. प्रत्येक आकड्याचा एक दोष ठरलेला. शेवटी पाच आणि पाच, पंचावन्न, म्हणजे संदेश समाप्त. नुसतं पंचावन्न आलं तर गाडी ठणठणीत.

मास्तरांनी तीस वर्षं तारेची कडकट्ट ऐकून माणसांचे जन्म, मृत्यू आणि बदल्या उतरवून घेतल्या होत्या. मग तारा बंद झाल्या, आणि त्यांना येत असलेल्या भाषेत बोलणारं जगात कुणी उरलं नाही. ही जीप तेवढी उरली होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण ती विकायची म्हटल्यावर त्यांचं डोकं तापलं होतं ते यामुळे.

त्यांची पत्नी निवृत्त परिचारिका होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. नवऱ्याच्या हट्टापुढे तिने फार पूर्वीच हात टेकले होते, पण हाताशी रुग्ण असताना नुसतं बघत बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने पुठ्ठ्याला कागद लावला, तीन रकाने आखले, वेळ, उपचार आणि परिणाम, आणि तो तक्ता जीपच्या आरशाला अडकवून ठेवला.

पहिली नोंद बुधवारी संध्याकाळची. तारखात्यात मास्तरांना पहिल्या दिवशी एकच नियम शिकवलेला होता, यंत्राला हात लावायचा तर आधी वीज तोडायची. तो न पाळणाऱ्या एका सहकाऱ्याच्या भुवया पहिल्याच आठवड्यात जळालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यामुळे किल्लीला हात लावण्याआधीच त्यांनी दहा नंबरचा पाना घेतला, बॅटरीची तार सोडवली, सगळे जोड ब्रशने घासले, एका जोडावर हिरवं चढलं होतं ते खरवडून काढलं, आणि तार परत लावली. जीप एका झटक्यात सुरू झाली. पिवळा दिवा विझलेला होता. मास्तरांनी रीतसर किल्ली तीनदा फिरवली आणि लुकलुक मोजली. बारा. पंचावन्न.

सिस्टर म्हणाली, चालताना दिवा लागत नाही, गाडी नीट चालतेय, मग झालं की.

"दिवा विझला म्हणजे रुग्ण कण्हायचा थांबला," मास्तर म्हणाले. "बरा झाला असं नाही."

असे रुग्ण सिस्टरने नोकरीत पाहिले होते. तिने बारा लिहिलं.

आता बारा म्हणजे काय हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत होतं. फक्त त्या ओळीवर त्यांच्या मुलीने पाच वर्षांची असताना एक पिवळं बदक चिकटवलेलं होतं. मास्तरांनी बदक वाफेवर धरलं, तेल लावलं, नखाने उचकटलं. बदकाचं डोकं निघालं आणि त्याबरोबर बाराबद्दलच्या तिन्ही ओळींची शाईही निघाली. शेजारच्या घड्याळजींचं भिंग आणून पाहिलं तर कागदाचे धागे तेवढे मोठे दिसले. वरची अकराची ओळ शाबूत होती, तो इंजिनाच्या फिरण्यावर नजर ठेवणारा सेन्सर. खाली तेरा होता, तो हवेच्या दाबाचा. मास्तरांनी विचार केला, की अकरा कुठे आहे ते सापडलं, तेरा कुठे आहे तेही सापडलं, तर बारा या दोघांच्या मधेच कुठेतरी असला पाहिजे. त्यांनी दोन सेन्सरच्या मधे सिस्टरची कपडे मापायची टेप ताणून धरली आणि तिच्या वाटेत जे जे आलं ते काढायला घेतलं.

दर वेळी आधी बॅटरीची तार सोडवायची, मग काम, मग तार लावायची, मग विचारायचं. नळी साफ केली, बारा. प्लग घासले, बारा. फिल्टरचा डबा धुतला, बारा. सीट काढून तिच्याखालच्या वायरी एकेक करून पुसल्या, बारा. मास्तर जितक्या निष्ठेने विचारत होते तितक्याच निष्ठेने जीप उत्तर देत होती. शनिवारी एक विमा एजंट आला, दिवाणखान्यातल्या त्या सीटवर बसला, आणि त्याचा हात कुठल्यातरी दांड्याला लागून तो पाठीसकट आडवा झाला. विम्याबद्दल एक शब्दही न बोलता तो निघून गेला, आणि सिस्टरला सीट तिथे असण्याचा पहिल्यांदाच थोडा फायदा दिसला.

रविवारी तीन वाजता मास्तरांनी सगळं जागच्या जागी बसवलं, सीटसुद्धा. हाताला चार ठिकाणी पट्ट्या होत्या. तार लावली, किल्ली फिरवली.

"लिही," ते म्हणाले. "बारा."

"लिहिलं."

अकरावी नोंद होती ती. मास्तर स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी एकही संदेश अर्धवट सोडला नव्हता. आणि आता चार दिवस कुणीतरी त्यांना काहीतरी सांगत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. याचं दुःख त्यांना जीप जाण्यापेक्षाही जास्त झालं. सिस्टरने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

चार वाजता फाटकात दुसरी एक जीप येऊन उभी राहिली. तेच मॉडेल, तोच रंग, फक्त वर दारापर्यंत चिखल. तिच्यातून गमबूट घातलेल्या एक बाई उतरल्या. त्या गुरांच्या डॉक्टर होत्या आणि गिऱ्हाईक त्याच होत्या. तासभर लवकर आल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मग स्वच्छच सांगितलं, की त्यांच्या जीपला सुटे भाग कुठे मिळत नाहीत, म्हणून ही घेऊन खोलायची आणि लागेल तसे भाग वापरायचे. खोलायची, हा शब्द ऐकून मास्तरांनी टोपी काढली आणि परत घातली.

डॉक्टरबाई आत वाकल्या. आरशाला लटकणारा तक्ता दिसल्यावर त्यांचा हात आपोआप तिकडे गेला. रुग्णाआधी तक्ता बघायची त्यांची सवय होती. त्या वरपासून खालपर्यंत वाचत गेल्या, मग पुन्हा वरपासून.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," सिस्टर म्हणाली.

"अक्षर सुंदर आहे. प्रत्येक नोंदीत पहिला उपचार एकच दिसतोय. बॅटरीची तार काढली, बॅटरीची तार काढली. हे दर वेळी करता?"

"दर वेळी," मास्तर छाती काढून म्हणाले. "तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

डॉक्टरबाई आपल्या गाडीतून आपली पुस्तिका घेऊन आल्या. तिच्यावर बदक नव्हतं. बाराच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती मास्तरांपुढे धरली. तिथे लिहिलं होतं, बॅटरी नुकतीच काढण्यात आली होती.

सिस्टरने तक्ता हातात घेतला. ती म्हणाली, "मी माझ्या हाताने लिहिलंय हो. अकरा वेळा. आणि मला कळलं नाही." मास्तर मात्र उजळले होते. त्यांना लाज वाटायला हवी होती ती नंतर वाटली. आत्ता त्यांना एवढंच कळत होतं, की खरा दोष बुधवारीच त्या हिरव्या जोडाबरोबर खरवडला गेला होता आणि गाडी चार दिवस शब्दाला शब्द खरं बोलत होती.

पण जाहीर केलेलं वाक्य तसंच होतं. पाचच्या आत नुसतं पंचावन्न यायला हवं होतं. डॉक्टरबाईंनी पुढची ओळ वाचली, की गाडी पन्नास वेळा सुरू केली की हा आकडा आपोआप पुसला जातो. घड्याळात चार वीस झाले होते. आपल्याला भाग हवे आहेत हे डॉक्टरबाई विसरल्या असाव्यात, कारण "बसा, करा सुरू," असं म्हणणाऱ्या त्याच होत्या.

मास्तर किल्ली फिरवायचे, इंजिन गुरगुरायचं, ते बंद करायचे, सिस्टर रेघ मारायची. घड्याळजी गच्चीतून आकडे मोठ्याने म्हणू लागले. एकतिसाव्या वेळी स्टार्टरचा आवाज बसायला लागला. डॉक्टरबाईंनी आपली जीप नाकाला नाक लावून उभी केली आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडायच्या तारा डिकीतून बाहेर आणल्या. ते पाहिल्याबरोबर मास्तर खाली उतरले, खिशातून पाना काढला आणि सवयीने बॅटरीकडे वळले.

"पाना इकडे द्या," सिस्टर म्हणाली.

मास्तरांनी पाना दिला. तिने तो पर्समध्ये टाकून चेन लावली.

जावई आला तेव्हा पाचला सात मिनिटं होती आणि सेहेचाळीस चालू होतं. काय चाललंय, असं त्याने तिघांनाही विचारलं. कुणालाच उत्तर द्यायला सवड नव्हती. पन्नासावी रेघ पडली. मास्तरांनी कपाळ पुसलं आणि किल्ली तीनदा फिरवली. दिवा लुकलुकला. पाच. जरा थांबून, पुन्हा पाच. मग काहीच नाही.

"संदेश समाप्त," मास्तर म्हणाले. त्यांनी किल्ली काढून खिशात घातली.

जावयाला आनंद झाला नाही असं नाही, पण त्याने गिऱ्हाइकाला शब्द दिलेला होता. तो ओशाळून डॉक्टरबाईंकडे वळला. त्या मात्र मास्तरांकडे बघत होत्या. त्यांच्या स्वतःच्या जीपचा पिवळा दिवा गेले चार महिने पेटलेला होता. तीन गॅरेजवाल्यांनी बघून मान हलवली होती, म्हणून तर भाग जमवायची वेळ आली होती. जरा बघता का, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी त्यांच्या किल्लीला हात लावला, एकदा सिस्टरच्या पर्सकडे पाहिलं, आणि बॅटरीला न शिवता किल्ली तीनदा फिरवली. दिवा लुकलुकायला लागला आणि थांबेचना. चार वेगवेगळे आकडे येऊन गेले.

"मोठा आहे संदेश," मास्तर हरखून म्हणाले. "अगं, नवा कागद लाव."

सोमवारी सकाळी रानातली गुरं तपासायला डॉक्टरबाई मास्तरांची जीप घेऊन गेल्या, त्यांची मास्तरांच्या अंगणात राहिली. जावई नाश्त्याला आला तर जेवणाच्या टेबलावर चिखलाने माखलेला फिल्टरचा डबा होता आणि खुर्च्यांवर नळ्या वाळत होत्या. सिस्टर तक्त्यावर रुग्ण क्रमांक दोन असं लिहीत होती. दिवाणखान्यात बसायला एकच जागा मोकळी होती. जावयाने चिखलाने माखलेल्या त्या जीपच्या सीटकडे थोडा वेळ पाहिलं, मग तो बसला आणि कुणी न सांगता त्याने पट्टा लावून घेतला.