डांबराने सरकारास विरोध केल्याची हकीकत

श्री मार्गदेवता समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव घेतल्यास घेणाराची बदली होते, निंबाजीपंत म्हणोन डांबरनवीस होते. रस्ता न उकरता त्याच्या पोटातील वर्तमान कळावे ऐसी विद्या पंतांनी साधिली होती. रस्त्यास तांब्याच्या दोन सळया टोचाव्या, वीज सोडावी आणि यंत्राचा काटा पाहावा. डांबर कोरडे, धडधाकट असेल तर ते विजेस विरोध करिते, आणि आत पाणी मुरले असेल तर विरोध सरतो, मग ओझे पडताच रस्ता बसतो. पंचमीस पंतांनी खिंडीचा रस्ता तपासिला, तो विरोध नाहीच! सप्तमीस महाराजांची स्वारी त्याच वाटेने निघावयाची, आणि रस्ता खचल्यास डोके पंतांचे, ऐसा हुकूम शिक्क्यानिशी जाहला होता. सबब पंत धावत दरबारी आले आणि मुजरा करोन बोलिले, "सरकार, खिंडीत विरोध अगदीच उरला नाही." दिवाण जानराव यांस विरोध एकाच प्रकारचा ठाऊक, ते उठोन म्हणाले, "शाबास पंत! एकट्याने मोडलात?" आणि साखर वाटिली, आणि नगारे झडले, आणि पंतांस शाल मिळाली. पंत कळवळून म्हणाले, "अहो दिवाणजी, विरोध हवाच आहे!" तेव्हा शाल काढोन घेतली.

मग पंतांनी आणखी तीन वेळा समजाविले. तो दिवाणांनी पुसिले, "ही वीज कोणाच्या बाजूची?" आणि महाराजांनी पुसिले, "पण डांबराचे म्हणणे तरी काय आहे?" मग पंतांनी कपाळास हात लाविला आणि जन्मात प्रथम खोटे मोजमाप सांगितले. "चुकलो सरकार, यंत्र उलटे धरिले होते. खिंडीत विरोध भयंकर वाढला आहे. स्वारी नेऊ नये." महाराजांनी स्वारी तत्क्षणी रद्द केली. पंतांनी सुटकेचा श्वास टाकिला, तो अर्धाच टाकिला होता, इतक्यात दिवाण गर्जले, "विरोध वाढला? मग फौज काढा!" आणि मग सहा हत्ती, आणि चौदा तोफा, आणि दोन हजार पायदळ, आणि खासे दिवाण, आणि डांबराशी बोलणे लावावयास एक वकील, ऐसे सर्व खिंडीकडे चालिले, आणि पंत त्यांच्यापुढे उलट्या पावली हात जोडोन, "एकेक तरी जा हो, निदान हत्ती तरी एकेक," म्हणत होते, ते कोणी मनावर घेतले नाही. तिसरा हत्ती वळणावर येताच रस्ता बसला. हत्ती पोटापर्यंत, तोफा तोंडापर्यंत, दिवाण गळ्यापर्यंत काळ्या चिखलात गेले. वकील तेवढा काठावर राहिला, तहाचा मसुदा हातात. दिवाणांनी मान उंचावोन पुसिले, "पंत, आता विरोध किती?" पंतांनी सळया टोचिल्या, काटा पाहिला आणि म्हणाले, "शून्य."

"मग फत्ते म्हणा की!"

पंत फार दमले होते. म्हणाले, "फत्ते."

सारांश, विरोध निमाला, तोफा निमाल्या, रस्ता निमाला. परंतु फत्ते जाहलेला रस्ता खचला ऐसे दप्तरी लिहिता येत नाही, सबब पंतांचे डोके जागेवर राहिले. ते दुखते.