विषय : नातीला मांडीवर घेणेबाबत

बाइंडरचं रक्त बिघडलं होतं, पण घाई नव्हती. तपासणीच्या कागदावर 'क्रॉनिक ल्युकेमिया' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ सांगितला तो असा : हा रक्ताचा कर्करोग आहे, मात्र सावकाश चालणारा. तूर्तास औषध नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, लक्ष ठेवायचं आणि संसर्गापासून जपायचं. एवढं सांगायला त्यांना चार मिनिटं लागली, आणि ती चार मिनिटं बाइंडर आणि त्याची बायको दोन वर्षं पुरवून पुरवून वापरत होते.

नातेवाइकांना हा आजार फारसा पसंत पडला नव्हता. कर्करोग म्हटला की माणूस कसा खंगायला हवा, भेटायला येणाऱ्याच्या पोटात कालवायला हवं. हा गडी तर सकाळी नऊपासून दुकानात बसून कचेऱ्यांची रजिस्टरं शिवत होता. औषध नाही म्हणजे आजारही नाही, असा निकाल मेहुण्याने देऊन टाकला होता. तरीही कसल्या ना कसल्या पानांच्या रसाचा व्हिडिओ रोज पाठवण्याचं व्रत त्याने मोडलं नाही. निघताना सगळेच "काळजी घ्या" म्हणत. कशी घ्यायची हे विचारावं, तोवर ते जिन्यात पोहोचलेले असत.

अशात एका सोमवारी परगावच्या मुलीचा फोन आला. शुक्रवारी ती चार दिवसांसाठी येणार होती, नातीला घेऊन. नात चार वर्षांची. तिला नुकत्याच कांजिण्या होऊन गेल्या होत्या.

"आता बरी आहे ती. खपल्यासुद्धा पडल्या," मुलगी म्हणाली. "पण बाबा, तुमचं रक्त हे असं. तिला जवळ घेतलेलं चालेल का, एकदा विचारून ठेवा. ती आल्या आल्या तुमच्या मांडीवरच येऊन बसणार."

बसणार यात शंका नव्हती. मागच्या वर्षी आली तेव्हा तिने मांडीवर बसून खळीच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातला होता आणि एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक रजिस्टरवर पाच बोटं उमटवली होती. ते रजिस्टर बाइंडरने गिऱ्हाइकाला दिलं नाही. नवं करून दिलं आणि ते कपाटात ठेवलं. वर्षभर तो याच भेटीची वाट पाहत होता, आणि त्याला प्रश्न अगदी साधा वाटला. तिथेच त्याचं चुकलं.

डॉक्टरांची पुढची वेळ सात आठवड्यांनंतरची होती. अधल्यामधल्या शंकांसाठी रुग्णालयाने 'रुग्ण माहिती व आधार केंद्र' उघडलं असल्याचं डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी फोनवर सांगितलं, आणि काळजी घ्यायला सांगून फोन ठेवला.

केंद्र तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे होतं. आत दोन टेबलं होती. डावीकडे 'माहिती', उजवीकडे 'आधार', मध्ये प्लायवुडची भिंत. भिंतीची उंची अशी बेताने ठरवलेली, की बसलेल्यांना एकमेकांचं तोंड दिसू नये पण स्टेपलर वरून देता यावा.

माहितीच्या बाईंनी प्रश्न रजिस्टरात उतरवून घेतला. रजिस्टर बाइंडरच्याच हातचं होतं. पाठ उसवायला आली होती, आणि तेवढ्यातही ते त्याच्या डोळ्याला खुपलं. बाईंनी लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि पेनचं टोक एका शब्दावर टेकवलं.

"यात मांडी आहे काका. नातही आहे. म्हणजे हे भावनिक झालं. पलीकडे जा."

आधारचे गृहस्थ प्रशिक्षण घेऊन आलेले होते. त्यांनी आधी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला, मग आवाज खाली आणला.

"काय वाटतंय तुम्हाला?"

"नातीला मांडीवर घ्यावं असं वाटतंय. घेऊ का?"

"आणि असं वाटतं, तेव्हा कसं वाटतं?"

बाइंडरने दहा मिनिटं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. शेवटी त्याने कांजिण्यांचा विषय काढताच गृहस्थांचा आवाज एकदम नेहमीच्या पट्टीत आला. आजाराचं नाव निघालं की प्रकरण माहितीत जातं. त्यांनी उत्तर दिलं तर उद्या ते त्यांच्यावरच शेकेल, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि डबा परत ओढून घेतला.

मंगळवारी प्रकरण केंद्राच्या प्रमुख बाईंपुढे गेलं. बाई कर्तबगार होत्या. त्यांनी तिथल्या तिथे तोडगा काढला : प्रश्नाचे दोन तुकडे करावेत. कांजिण्यांबाबत माहितीला विचारावं, नातीचा उल्लेख टाळून. नातीबाबत आधारला विचारावं, कांजिण्यांचा उल्लेख टाळून. बाइंडरने दोन अर्ज केले आणि बुधवारी दुपारी त्याला चक्क दोन्ही उत्तरं मिळाली. माहितीने लिहिलं होतं, "कांजिण्यांच्या रुग्णापासून दूर राहावे." आधारने लिहिलं होतं, "नातीला मांडीवर घेणे आजोबांच्या मनःस्वास्थ्यास अत्यंत हितकारक आहे." दोन्ही कागद एकत्र स्टेपल केलेले होते.

"यातलं कुठलं पाळायचं?" त्याने विचारलं.

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "आमचं केंद्र एकात्मिक आहे."

तो जागचा हलेना, तेव्हा बाईंनी प्रश्न वर्गीकरण समितीकडे पाठवला. समितीत तिघे होते. दोघांचं मत होतं की प्रश्न कुठल्या टेबलाचा हे तिसऱ्याने ठरवावं, आणि तिसरे पुढल्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रजेवर होते. मात्र प्रकरण लवकर मार्गी लागावं असं वाटत असेल तर गुरुवारी सकाळी अकराला यावं, छोटंसं सहकार्य हवं आहे, असं बाईंनी सुचवलं.

गुरुवारी सकाळी अकराला केंद्राच्या नव्या पत्रकासाठी फोटो काढायचा होता. पत्रकाचं नाव 'आम्ही आहोत ना'. रुग्ण म्हणून बाइंडर चालण्यासारखा होता, पांढऱ्या मिशा होत्या, शिवाय आयता आलेला होता. नात म्हणून प्रमुख बाईंची भाची आणली होती. तिला सर्दी झालेली होती. तिला बाइंडरच्या मांडीवर बसवण्यात आलं. ती दोनदा त्याच्या तोंडावर शिंकली आणि तिसऱ्यांदा त्याच्या बाहीला नाक पुसलं. फोटोवाला म्हणाला, "हसा आजोबा, आजारी वाटू देऊ नका."

बाइंडर हसला. मग त्याने बाईंना हळूच विचारलं, की ही चालते तर माझी का नाही चालणार? हा प्रसिद्धीचा विषय असून त्याचा वैद्यकीय बाबींशी संबंध जोडू नये, असं त्यांनी समजावून सांगितलं.

शुक्रवारी नात आली. चपलासुद्धा न काढता ती आतल्या खोलीच्या दिशेने पळत निघाली, आणि बाइंडरने खोलीचं काचेचं दार आतून लावून घेतलं. चार दिवस तो काचेच्या आत आणि ती काचेच्या बाहेर. तो आतून कागदाचे पक्षी करून दाखवायचा, ती बाहेरून जीभ काढून दाखवायची. तिसऱ्या दिवशी तिने जीभ काढणं सोडलं.

"आजी, आजोबा रागावलेत का माझ्यावर?"

"नाही गं बाळा. उत्तर यायचंय त्यांचं," आजी म्हणाली, आणि पदराने काच पुसत बसली. काच स्वच्छच होती. सोमवारी मुलगी नातीला घेऊन परत गेली. बाइंडर त्या रात्री जेवला नाही.

सात आठवड्यांनी तो रक्त द्यायला गेला. रक्त घेणारी बाई तीच, दोन वर्षांपासूनची. सुई टोचून घेताना तो नेहमी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. या खेपेला त्याच्या तोंडून सगळं निघून गेलं.

"खपल्या पडलेल्या होत्या ना सगळ्या?" बाईने नळी बदलता बदलता विचारलं. "नवा फोड नव्हता एकही?"

"नाही."

"मग घ्यायचं होतं की मांडीवर. खपल्या धरल्यावर पसरत नाही ते. फोड ताजे असते तर लांब राहायचं आणि लगेच इथे कळवायचं. डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात, मी रोज ऐकते." तिने कापूस दाबला. "मला का नाही विचारलंत? दर तीन महिन्यांनी हात माझ्याच हातात असतो तुमचा."

कापूस धरून बाइंडर डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर येऊन बसला. समोरच्या भिंतीवर 'आम्ही आहोत ना' लागलं होतं आणि त्यात तो छान हसत होता. समितीचं पत्रही आदल्याच दिवशी घरी आलं होतं : नात परत गेल्याने प्रश्न निकाली काढण्यात येत आहे.

शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कोरी फाइल, अजून एकही कोपरा न दुमडलेली. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हीच ना ते? मला कालच कळलंय. तेच आहे, तुमचंच, रक्ताचं. मला फक्त एक विचारायचं होतं..."

तेवढ्यात बाइंडरचा नंबर पुकारला गेला. आत त्याची चार मिनिटं सुरू झाली होती. त्याने घाईघाईने दाराशी ठेवलेल्या खोक्यातलं तेच पत्रक उचलून बाईंच्या हातात ठेवलं, "यात सगळं आहे," म्हणाला, आणि दार ढकलता ढकलता मागे वळून "काळजी घ्या" म्हणाला.

तुम्हाला त्याचा राग आला असेल. इतकं सोसून हा माणूस असा कसा वागला, असंही वाटलं असेल, आणि ते रास्तच आहे. पण त्या बाईंना काय विचारायचं होतं, ते या गोष्टीत कुठेच आलेलं नाही. त्या अजून बाकावर आहेत. तुम्हालाही पुढची कामं असतील, पान उलटायचं असेल. उलटा.

काळजी घ्या.