बहात्तर ठोके

चिरंजीवांची नाडी एकशे चौदा भरली, तेव्हा सूनबाई दारात चपला घालत होती. गेले चार महिने तिला सतत थकवा होता, भर दुपारी थंडी वाजत होती, केस गळत होते आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सासूबाईंनी याचं निदान "झोपाळूपणा" असं केलं होतं, आणि नवऱ्याने, म्हणजे चिरंजीवांनी, "जरा व्यायाम कर" हा उपाय सुचवला होता. शेवटी आज ती शिकवायची त्या बालवाडीला सुट्टी होती म्हणून तिने कुणाला न विचारता डॉक्टरबाईंकडे साडेदहाचा नंबर लावला होता.

"थांब," चिरंजीव म्हणाले. त्यांच्या मांडीवरच्या मोबाइलवर नाडी मोजण्याविषयीचा एक लेख उघडा होता आणि नजर भिंतीवरच्या सात घड्याळांपैकी सर्वांत मोठ्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर खिळली होती. "इथे लिहिलंय, बसल्या जागी साठ ते शंभर. माझी एकशे चौदा."

"चुकला असशील. परत मोज," सासूबाई म्हणाल्या.

परत मोजली तर एकशे वीस भरली. मधल्या वेळात ते घाबरले होते. मग सासूबाईंनी मनगट पुढे केलं. एकशे तेवीस. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

इतक्यात शेजारचे शिंपीकाका आपलं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ न्यायला आले. त्यांनाही बसवून मोजलं. एकशे सव्वीस.

"मला तर काहीच होत नव्हतं हो," शिंपीकाका म्हणाले आणि कोचावर आडवे झाले.

"तिघांना एकदम, म्हणजे हवेतच काहीतरी आहे," सासूबाई म्हणाल्या. "अगं, बघत काय उभी राहिलीस? खिडक्या उघड."

सूनबाई वरची झडप उघडायला स्टुलावर चढली आणि भिंत धरून तशीच थांबली. खोली फिरली होती.

"आण, तुझीही बघू," चिरंजीव म्हणाले. त्यांनी मिनिटभर मोजलं आणि चकित होऊन बायकोकडे पाहिलं. "बहात्तर. पुस्तकात छापावी अशी नाडी आहे."

"मी चार महिने काय सांगतेय?" सासूबाई म्हणाल्या. "घरात ठणठणीत हीच."

सूनबाईने आपलं मनगट एकदा पाहिलं. आकडा समोर असताना चक्कर येते म्हणणं तिला खोटेपणाचं वाटलं. "साडेदहाचा नंबर आहे माझा," ती म्हणाली. "तुम्हीच जा त्यावर. मी सोबत येते."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. सूनबाईच्या एका हातात पाण्याची बाटली आणि सासूबाईंची जुनी फाइल होती, दुसऱ्या हाताला शिंपीकाका लोंबकळत होते. अर्ध्या जिन्यात ती खालीच बसली.

"आता तुला काय झालं?" सासूबाईंनी वरून विचारलं.

"काही नाही. चपलेचा पट्टा निघाला."

डॉक्टरबाईंनी तिघांच्या नाड्या पाहिल्या. शहात्तर, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. पुन्हा पाहिल्या. "तिघांचंही छान आहे. घरी मोजलीत कशी?"

"पूर्ण एक मिनिट," चिरंजीव जरा दुखावल्या स्वरात म्हणाले. "भिंतीवरच्या घड्याळावर."

तेवढ्यात दार ढकलून सासरे धापा टाकत आत आले. ते घड्याळजी. 'सगळं घर आजारी आहे' एवढाच निरोप मिळाल्याने ते दुकानातून तसेच निघाले होते. डोळ्याचं भिंग अजून कपाळावर होतं. शेवटचं वाक्य ऐकून ते दारातच थबकले.

"कोणत्या घड्याळावर?"

"ते सगळ्यात मोठं, बाबा."

"अरे, ती सगळी दुरुस्तीची घड्याळं. घरी टांगतो ती बिघाड बघायला. त्या मोठ्यात कुणीतरी भलतंच चाक बसवलंय. त्याचं एक मिनिट म्हणजे आपलं दीड."

सगळे एकदम बरे झाले. शिंपीकाका उठून बसले. "म्हणजे माझे एकशे सव्वीस हे खरे चौऱ्याऐंशी," त्यांनी बोटांवर हिशेब केला. सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी तोंडाला पदर लावला.

डॉक्टरबाई हसत नव्हत्या. "त्या घड्याळावर कुणाची बरोबर भरली का?"

"हिची," चिरंजीव अभिमानाने म्हणाले. "बहात्तर."

घड्याळजींचे ओठ हलले. दीडने भागायला त्यांना कागद लागत नसे. "अठ्ठेचाळीस," ते हळूच म्हणाले.

सासूबाईंचा पदर तोंडावरच राहिला. डॉक्टरबाईंनी सूनबाईचं मनगट हातात घेतलं आणि पूर्ण मिनिटभर धरून ठेवलं. आकडा त्यांनी सांगितला नाही, चेहऱ्यावरूनच कळला. मग एकेक प्रश्न आला: थकवा किती दिवस, थंडी वाजते का, केस, झोप, चक्कर. सूनबाई प्रत्येकाला "हो" म्हणत गेली, जणू तिचीच चूक होती.

"थायरॉइड असावं, रक्त तपासू. हृदयाचा आलेखही आत्ताच काढू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थकवा दोन-चार दिवसांचा असला तर वाट बघावी. महिनाभर टिकला तर यायचं. आणि अशी अंधारी आली तर त्याच दिवशी."

"आम्हाला वाटलं, झोपाळू आहे," सासूबाई म्हणाल्या.

आलेखाच्या तारा लावून सूनबाई आतल्या टेबलावर पडली. कागद निघाला, डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि बाहेर येऊन सांगितलं, "आज भीतीचं काही नाही. पण बरं झालं, आणलंत."

आणलं कुणी होतं, हे चिरंजीवांना चांगलंच ठाऊक होतं. ते फाइल आणि बाटली उचलून तिला घ्यायला आत गेले आणि तसेच परत आले.

"झोपलीय."

शिंपीकाकांनी खाकरायला तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खाकरणं आतच राहिलं. मग त्यांनी आतलं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.