पळी कुणाच्या हातात

"पुन्हा माझ्या जॅमच्या पातेल्यात मका उकडलास?" देसान्काने झाकण उचलून पाहिलं आणि दाणकन आदळलं. "दहा दिवस झाले, मिलिवोय! मी सकाळी शिळा पाव खाते आणि नदीतले मासे बडीशेप घातलेला गरमागरम मका खातात!"

"गरम नसतो. गार करून टाकतो मी," मिलिवोय बूट चढवत म्हणाला.

"वा! माझी कॉफी कधी आणून दिलीस का हातात, गार नाही तर गरम?"

मिलिवोयच्या डोक्यात आधीच एवढा राग होता की बायकोच्या रागाला तिथे जागाच नव्हती. राग होता तिमावर. तिमा म्हणजे त्याचा कूम, लग्नात साक्षीला शेजारी उभा राहिलेला, मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला. कूमशी भांडायचं नसतं, असं गावात शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर मिलिवोय अकरा वर्षं आतल्या आत धुमसत होता.

कारण एकच, ती पळी. तिसा नदीच्या काठावर मासे पकडणाऱ्यांचा त्यांचा क्लब. दरवर्षी पेत्रोवदानला, म्हणजे संत पीटरच्या सणाला, सगळे सकाळपासून गळ टाकून बसत. ज्याचा मासा सर्वांत मोठा, त्याच्या हातात दुपारी बाराला पळी. मग त्याने मोठ्या कढईत लाल तिखटाचं कालवण करायचं आणि चाळीस जणांनी वाडगे घेऊन रांगेत उभं राहायचं. मासा मात्र त्या दिवशी, तिथेच पकडलेला हवा. अकरा वर्षं ही पळी तिमाकडे होती. आणि अकरा वर्षं हा माणूस कालवणात भसाभस टोमॅटो ओतत होता! कार्प माशाच्या कालवणात टोमॅटो! वर मिलिवोयच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "कूम, तुलाही मिळेल रे कधीतरी. आधी मासा पकडायला शीक."

गेल्या वर्षी तिमाने नदीच्या वळणावर, वाकड्या विलोच्या झाडाखाली सात किलोचा कार्प काढला होता. तेव्हाच मिलिवोयने ठरवलं की ती जागा आपली. जागा आपली करायची तर ती चारावी लागते. रोज ठरल्या वेळी मका टाकायचा, म्हणजे मासे तिथे घर केल्यासारखे राहतात. आणि ज्याने चारा टाकला त्याची जागा, हा काठावरचा कायदा. मिलिवोय दहा दिवस पहाटे, कुणी पाहणार नाही अशा बेताने, चार चार किलो मका पाण्यात सोडून येत होता.

पेत्रोवदानला पहाटे साडेचार वाजता तो वळणावर पोहोचला. विलोखाली घडीची खुर्ची टाकून तिमा बसलेला!

मिलिवोयच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊठ."

"आधी सुप्रभात तरी म्हण, कूम."

"ऊठ म्हणतो ना! ही जागा माझी आहे. दहा दिवस चारतोय मी."

तिमाने टोपी मागे सरकवली. "तू चारतोयस? दहा दिवस रोज संध्याकाळी मी इथे मका टाकतोय. लाज वाटत नाही खोटं बोलायला?"

"मी खोटा? अरे चोरा, मी पहाटे टाकतो!"

"मग संध्याकाळी माझे मासे उपाशी का नसतात ते आत्ता कळलं!"

मिलिवोयने आपली खुर्ची तिमाच्या खुर्चीला खेटून अशी आपटली की तिचा एक पाय चिखलात रुतला. दोघे खांद्याला खांदा लावून बसले. दोन गळ पाण्यात, दोन बुचं शेजारी शेजारी तरंगत होती. कुणीच हलेना.

सहाच्या सुमारास बाकीचे जमले. क्लबचे अध्यक्ष सावा काका आरडाओरडा ऐकून धावत आले. मोठे शांत गृहस्थ, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले.

"अरे, लोक हसतील! एवढी नदी पडलीय. शिवाय नीट विचार केला तर ही जागा तुमच्यापैकी कुणाचीच नाही. मी रोज दुपारी होडीतून..." आणि काकांनी जीभ चावली.

"होडीतून काय?" तिमाने विचारलं.

"होडीतून काय, काका?" मिलिवोयनेही विचारलं. त्या सकाळी दोघांचं एवढ्याच प्रश्नावर एकमत झालं.

काकांनी घसा साफ केला. "थोडासा मका. पाच किलो."

मागे उभ्या असलेल्यांतल्या आणखी तिघांनी माना खाली घातल्या. गेल्या वर्षीचा सात किलोचा कार्प सगळ्यांनीच पाहिला होता. सगळ्यांनीच ही जागा गुपचूप चारली होती, प्रत्येकाने आपापली वेळ धरून. सावा काकांनी सवयीने मनातल्या मनात बेरीज केली आणि खाली बसले. तेवढ्यात समोरच एक भला दांडगा कार्प पाण्यावर आला, कुशीवर वळला, पांढरंफेक पोट दाखवलं आणि जेवून आडवा झालेल्या सासऱ्यासारखा सावकाश खाली गेला.

"हा आता आठवडाभर तोंड उघडत नाही," काका म्हणाले.

तसंच झालं. आठ वाजले, दहा वाजले, कुणाचं बूच हलेना. वळणावर तर नाहीच, पण वर खाली दोन्हीकडे नाही. गावातला सगळा मासा या एका खड्ड्यात पंगतीला येऊन सुस्त पडला होता.

तिमाची मात्र चुळबुळ सुरू झाली. "कूम, पाठ धरलीय रे. गाडीत गोळी आहे, घेऊन येतो."

"जा की. पण उठलास की जागा माझी."

"अरे, दोन मिनिटं!"

"अर्धं मिनिटही नाही. आणि उठलासच तर मी तुझ्याबरोबर येणार. आज मी तुला नजरेआड होऊ देत नाही."

तिमाने एक दणदणीत शिवी घातली आणि पुन्हा बसला. तासाभराने त्याला बायकोला फोन करायचा होता, मग टोपी बदलायची होती, मग गाडी उन्हात असल्याची आठवण झाली. प्रत्येक वेळी मिलिवोय आपली खुर्ची उचलून तयार. रागाने त्याचे कान लाल झाले होते, पण तिमाची ही तगमग बघून पोटात थोडा थंडावाही पडत होता.

बाराला पाच मिनिटं कमी असताना मिलिवोयचं बूच बुडालं. त्याने काठी खेचली, आणि दोऱ्याच्या टोकाला तळहाताएवढा एक मासा फडफडत बाहेर आला. कुणीतरी फिस्सकन हसलं. सावा काकांनी तो गंभीरपणे तोलला.

"नव्वद ग्रॅम. आजचा एकुलता एक मासा. पळी मिलिवोयची!"

अकरा वर्षांनी पळी हातात आली आणि मिलिवोयने वर पाहिलं. कढईत कांदा शिजत होता. गवतावर चाळीस माणसं वाडगे मांडीवर घेऊन बसली होती. देसान्का नवा फ्रॉक घालून, बहिणीला घेऊन आली होती. आणि त्याच्या दुसऱ्या हातात नव्वद ग्रॅम. त्याला ब्रह्मांड आठवलं. आता जन्मभर गावात हेच: मिलिवोयचं कांद्याचं पाणी.

"जरा इकडे ये," तिमाने त्याची बाही धरून त्याला गाडीमागे ओढलं आणि डिकी उघडली. आत झाकणाच्या टबात चार कार्प होते. एकेक पाच पाच किलोचा.

मिलिवोय बघतच राहिला. "हे कुठले?"

"शेजारच्या तळ्यावरचे. सकाळी घेतले. विकत."

"विकत... आणि गेल्या वर्षीचा सात किलोचा?"

"तोही."

"आणि त्याच्या आधीचे?"

तिमा डिकीच्या कडेला बोट घासत राहिला.

"अरे हरामखोरा!" मिलिवोयचा आवाज फाटला. "अकरा वर्षं! अकरा वर्षं तू मला मासा पकडायला शीक म्हणतोस? मग दहा दिवस चारा कशाला टाकत होतास, नाटक्या?"

"दरवर्षी वाटतं रे, या वेळी तरी खरंच लागेल," तिमा हळूच म्हणाला. "लागत नाही. आता डोकं फोडायचंय ते उद्या फोड. चाळीस माणसं भुकेली आहेत. माझ्या कूमच्या कढईत नुसतं पाणी उकळताना मी बघत बसणार नाही."

मिलिवोयला त्याचा गळा धरायचा होता. पण देसान्का मान उंच करून इकडेच बघत होती. त्याने नुसती मान डोलावली.

थोड्याच वेळात ते चारही कार्प भरलेली निथळती जाळी लव्हाळ्यातून ओढत तिमा गर्जना करत आला. "बघा रे या गाढवाकडे! तुम्ही यायच्या आधी पहाटे चार कार्प काढले, पाण्यात ठेवले, आणि माझ्याशी भांडण्याच्या नादात विसरला! मी शेजारी बसून पाहिलं ना! मला वाटलं, विसरलाय तर विसरू दे, पळी मलाच मिळेल. पण देवाला भ्यायलो!"

स्वतःविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावा काकांनी मिलिवोयच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

कालवण झालं. टोमॅटोचा थेंब नाही, तिखट बेताचं, मासा लोण्यासारखा. सगळे बोटं चाटत होते. देसान्का बहिणीला सांगत होती, "दहा दिवस पहाटे उठायचा बिचारा. मीच उगाच बोलले." शेकोटीजवळ तिमा हात पसरून, पहिला कार्प कसा झुंजला आणि मिलिवोयने त्याला कसा दमवला, याचं वर्णन करत होता. मिलिवोयच्या जिभेवर अकरा वर्षांच्या शिव्या रांग लावून उभ्या होत्या आणि त्यातली एकही आता या जन्मात मोठ्याने देता येणार नव्हती. तो रागाने थरथरत कढई ढवळत होता आणि लोक म्हणत होते, किती मनापासून करतो बघा.

तिमा रिकामा वाडगा घेऊन पुढे आला.

"नीच माणसा," मिलिवोय कढईवर वाकून पुटपुटला.

"हळू बोल, कूम. पुढच्या वर्षी किती आणू? चार की पाच?"

मिलिवोयने इकडे तिकडे पाहिलं. मग पळी कढईत खोल घालून कार्पचं डोकं, सगळ्यांत मानाचा तुकडा, वर काढलं आणि तिमाच्या वाडग्यात आदळलं.

"सहा आण," तो दातओठ खात म्हणाला.