मास्तरांचं बलुतं

लोकांच्या घरातून दान बाहेर काढणं ही कला आहे, आणि आमच्या पंचक्रोशीत ती माझ्याइतकी कुणाला साधलेली नाही, असं मी तेव्हा समजत होतो. तेव्हा म्हणजे वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा त्या दिवसांत. खामगावहून चार कोसांवर आमचं दोनशे उंबऱ्यांचं गाव. गावात मिशनची एक खोलीची शाळा होती, आणि त्या शाळेचा मी, उत्तमराव, चिटणीस. कुणी नेमलं नव्हतं. मीच झालो होतो.

एका सकाळी फादर सायकलवरून घरी आले. हे फादर फ्रान्सातले, पण वीस वर्षं वऱ्हाडात राहून त्यांची भाषा आमच्यापेक्षा पक्की झाली होती.

"उत्तमराव, आपले योहान मास्तर चालले," ते म्हणाले. "मेहकरच्या शाळेतून पत्र आलं त्यायले. पंचवीस रुपये देऊन राह्यले तिथं."

"मग आपण काऊन देत नाई?"

"मिशनजोळ अठराच आहेत. नागपूरच्या बिशपसाहेबांनी लिहिलं, वरचे सात गावानं घालावे. मास्तर गेले तर शाळेले कुलूप लावतो मी. दुसरं काय करू?"

शाळेत एकच मास्तर. माझी सोजरा त्या वर्षी चौथीच्या परीक्षेला बसणार होती, आणि तिच्याबरोबर आणखी अकरा पोरं. सोजरा नुसती पास होणार नव्हती, तालुक्यात पहिली येणार होती, हे मी आधीच सगळ्यांना सांगून बसलो होतो.

"तुम्ही घोर करू नका," मी म्हणालो. "सात रुपये म्हणजे काय आहे?"

रविवारी शाळेत सभा भरवली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे आले. मी ‘वर्गणी’ हा शब्द उच्चारला आणि अर्ध्या सभेला गुरं आठवली. उरलेले छताकडे पाहत बसले. तेलघाणीवाले वहाबभाई तेवढे बोलले, "भाऊ, नगद कुणाजोळ आहे?"

आणि मला सुचलं. नाताळ तोंडावर होता, ज्वारीची खळी लागली होती. खळ्यावर सुताराला, लोहाराला, न्हाव्याला सूपभर द्यायला कुणी कधी कुरकुरत नाही. मग मास्तरांनाच का नाही?

"मास्तरले बलुतं लावा," मी गरजलो. "घरटी एक सूप ज्वारी!"

माणसं अशी खुलली की विचारू नका. जो तो हो म्हणाला. फादर माझ्या कानाशी आले. "बलुतं म्हणजे दानच ना, उत्तमराव?"

"दानच की," मी म्हणालो. या दोन शब्दांसाठी मला पुढे काय काय भोगावं लागलं ते ऐका.

पंधरा दिवसांत मास्तरांच्या घरात सोळा पोती ज्वारी पडली. खाट अंगणात काढावी लागली. सोळा पोती विकली तर वर्षभर दरमहाचे वरचे सात रुपये सहज निघत होते. योहान मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे भरून आले त्यांचे. त्याच दिवशी त्यांनी मेहकरला नकार कळवला. फादरांनी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, माझं नाव घेतलं. मी ख्रिस्ती नसूनही पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं.

सोमवारी पाढे चालू असताना रुक्मिणीबाई वर्गात शिरली. "मास्तर, माह्या पोराले पत्र लिहून द्या. मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनात आहे."

"बाई, शाळा सुटल्यावर या."

"काऊन? सूपभर ज्वारी घातली मी."

मास्तर बिचारे भले माणूस. लिहून दिलं. मंगळवारी भगवानराव कोर्टाचं समन्स घेऊन आले. बुधवारी वहाबभाईंनी लेकीच्या, नसीमाच्या लग्नाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. सुतार म्हणाला, "मी सुपावर पायली घातली, माहा अर्ज आधी." गुरुवारी एकानं मास्तरांना चक्क वावरात नेलं, बांध मोजून द्यायला. पोरं दिवसभर शाळेच्या ओट्यावर गोट्या खेळत होती, आणि त्यांना मात्र ही योजना फारच आवडली होती.

फादरांनी रविवारी समजावून सांगितलं की देणाऱ्यानं परतीची आशा धरू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भगवानराव उठून नम्रपणे म्हणाले, "फादर, आम्ही परत काईच मांगत नाई. कामच सांगून राह्यलो."

त्यांचंही काय चुकलं? बलुतं घेणाऱ्यानं काम करायचं, हे आमच्याकडे तान्हं मूलही जाणतं. मलाच तेवढं आठवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही सोमवारी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज मास्तरांकडून लिहून घेतला होता. चांगली दोन सुपं घातली होती मी.

महिनाभरानं सोजरा रडत घरी आली. "बाबा, अपूर्णांक राह्यलेच. मास्तर म्हणे मेहकरले पुन्हा पत्र टाकतो."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्याच हातानं आपल्याच पोरीची शाळा बुडवली, ही लाज काही औरच असते. रस्त्यात फादर भेटले. सायकलवरून न उतरताच म्हणाले, "दानच ना, उत्तमराव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी योहान मास्तर माझ्या अंगणात उभे. डोक्यावर सूप, मागे अर्धं गाव. त्यांनी सूपभर ज्वारी माझ्या बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या पदरात ओतली. आमच्या बाईंचा स्वभाव असा की पदरात पडलेलं धान्य त्या तडक कणगीत नेऊन टाकतात. टाकलं.

"हे काय मास्तर?" मी विचारलं.

"तुमचं बलुतं."

"माहं? मी काय काम करतो?"

"गावाची पत्रं, अर्ज, समन्स. आजपासून तुम्ही लिहा. तुम्ही चौथी पास आहात, शिवाय चिटणीस. मी शाळेत चाललो, अपूर्णांक राह्यले."

मी म्हणालो, ज्वारी परत घ्या. आतून जात्याची घरघर ऐकू आली. वहाबभाई म्हणाले, "आता कसं भाऊ? बलुतं तर घरात गेलं." आणि रुक्मिणीबाई माझ्यापुढे फतकल मारून बसली, "लिहा, चिरंजीवास आशीर्वाद."

शाळा वाचली. मास्तर राहिले. सोजरा तालुक्यात पहिली नाही, पण तिसरी आली. मी रोज सकाळी शाळेच्या ओट्यावर दौत घेऊन बसू लागलो, आणि माझ्या अक्षराचा मला अभिमान होता हेही सांगून टाकतो.

मग मूर्तिजापूरहून रुक्मिणीबाईच्या पोराचं उत्तर आलं. योहान मास्तरांनी ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं. "माय, तुहं पत्र भेटलं. जिनातल्या सात जणाईले दाखवलं, कोणालेच वाचता आलं नाई. ज्यानं लिवलं त्याले आपल्या मास्तरच्या शाळेत घाल."

आता मी पहिलीच्या पोरांबरोबर शुद्धलेखन लिहितो. फी म्हणून मास्तर सूपभर ज्वारी मागतात.