खांबेट्यांच्या घरातलं मंत्रिमंडळ

जुलैतल्या, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यातल्या, रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या गुंगालिन उपनगरात एखादा माणूस घराबाहेर नुसता उभा असेल, तर समजावं की किल्ली आत राहिली आहे किंवा कुत्रा बाहेर पळाला आहे. आमच्या समोरच्या खांबेटेकाकांकडे कुत्रा नाही आणि किल्ली त्यांच्या हातात होती. गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पापुद्रा चढला होता, गवत पांढरं झालं होतं आणि ड्राइव्हवेच्या मधोमध काका उभे होते. डोक्याला लोकरी टोपी, अंगात ड्रेसिंग गाऊन, पायात ऑफिसचे काळे बूट. हातातल्या चहाच्या मगातून वाफ येणं केव्हाच बंद झालं होतं.

"काका, आत जा की. गोठाल."

"जाता येत नाही," काका म्हणाले. "आत मंत्रिमंडळ बनतंय."

मी दात घासत बाहेर आले होते. तो ब्रश तोंडात तसाच राहिला.

झालं होतं असं. आठ दिवसांपूर्वी मृदुलाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. आमच्या घटनेप्रमाणे अध्यक्ष तेवढा निवडून येतो आणि कार्यकारिणीतली बाकीची सहा माणसं तो स्वतः नेमतो. सध्या काकू आतून एकेकाला फोन करत होत्या. आणि अध्यक्षांच्या नवऱ्यानं ते कानावर पडू देणं योग्य नव्हे, असं काकांचं मत होतं.

"हि-हि-हितसंबंध," ते म्हणाले. थंडीमुळे त्या शब्दाला तीन हि लागले.

काकांनी सत्तावीस वर्षं सरकारी खात्यात काढली. खातं कुठलं ते मला अजून नीट कळलेलं नाही, कारण विचारलं की ते त्याची रचना सांगायला लागतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण बोलणं अजून टिपणीसारखं आहे. पोहे आवडले तर "तत्त्वतः मान्य" म्हणतात. नातवानं फोनवर "लव्ह यू, आजोबा" म्हटलं तर "नोंद घेतली" म्हणतात, आणि मग फोन ठेवून बराच वेळ नाक पुसतात.

त्यांचा एकमेव छंद म्हणजे मंत्रिमंडळं. जगात कुठंही नवा राष्ट्राध्यक्ष आला, की काका एक कागद घेतात आणि मधोमध रेघ मारतात. डावीकडे 'म्हणाले काय', उजवीकडे 'नेमले कोण'. तो कागद फ्रिजवर लागतो. मी त्यांच्याकडे दही मागायला गेले की मला आधी एखाद्या देशाचं भवितव्य ऐकावं लागतं. मागे एका चिमुकल्या बेटावरच्या राष्ट्राध्यक्षांनी तरुणाईला संधी देण्याचं वचन दिलं होतं. त्यांचे युवकमंत्री एकाहत्तर वर्षांचे निघाले. त्या आनंदात काकांनी मला दह्याबरोबर लोणचंही दिलं होतं.

"भाषण ऐकू नये," ते म्हणतात. "यादी बघावी. यादी बोलते. घोषणेला नुसता घसा लागतो गं, मंत्रिमंडळाला माणसं लागतात. आणि माणसं तीच असतात."

आता तो कागद स्वतःच्या घराचा निघाला होता.

काकूंनी निवडणुकीच्या सभेत एकच वाक्य सांगितलं होतं: सहाच्या सहा नवे चेहरे, एकही जुना माणूस नाही. टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण आमचे जुने सांस्कृतिक प्रमुख मला चार वर्षं नाटकात शेजारणीचंच काम देतायत. पण टाळ्या वाजवताना माझं लक्ष टेबलाच्या डाव्या टोकाकडे गेलं. तिथे मंडळाचे सचिव सभेचं इतिवृत्त लिहीत बसले होते. त्यांचं पेन थांबलं होतं.

गेली चौदा वर्षं आमचे सचिव खांबेटेकाका आहेत.

त्यांची इतिवृत्तं वाचण्यासारखी असतात. "श्री. गोखले यांनी विषयांतर केले. श्री. गोखले यांनी पुन्हा विषयांतर केले. चहापान झाले, शिरा अपुरा पडला, त्यास श्री. गोखले कारणीभूत." दर नवा अध्यक्ष काकांना पुन्हा नेमतो, कारण लिहायचं काम दुसरं कुणी मागत नाही. या वेळी प्रश्न वेगळा होता, आणि तो अख्ख्या मंडळाला पडला होता. काकू नवऱ्याला काढणार का? ग्रुपवर कुणी काही लिहीत नव्हतं. पण इंडियन दुकानात कोथिंबीर निवडतानासुद्धा लोक मला हळूच विचारत होते, "समोर काय वातावरण?"

समोरचं वातावरण चांगलं नव्हतं. नवे चेहरे मिळत नव्हते. जो तो म्हणे, काकू, बदल पाहिजेच. मग म्हणे, "मी कीन आहे हो, मनापासून यायचंय, पण शनिवारी मुलाची फुटीची मॅच असते." एकीनं "नो वरीज काकू, नेक्स्ट इयर" असं इतक्या गोड आवाजात सांगितलं, की काकूंनी आधी तिचे आभार मानले आणि मग त्यांना नकार कळला. त्या रविवारनंतरच्या बुधवारपर्यंत पाच नावं झाली होती. त्यांतली दोन जुनीच होती. जेवणाचं खातं पुन्हा गोखल्यांकडेच गेलं, कारण साठ माणसांच्या मोठ्या पातेल्याला हात लावायला दुसरं कुणी तयार होईना.

मी दही आणायला गेले तेव्हा काकांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. डावीकडे 'नवा चेहरा'. उजवीकडे 'तोच चेहरा, नवा चष्मा'. नेहमी अशा ओळीवर ते स्वतः आधी हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. शेवटची ओळ 'सचिव', आणि तिच्यासमोर कोरी जागा.

"काकू काय म्हणतात?" मी विचारलं.

"आम्ही त्या विषयावर बोलत नाही. संकेत आहे."

"मग काय बोलता?"

"हवामान."

गुरुवारी दुपारी काकू माझ्याकडे आल्या. पायात सपाता, हातात एक कागद.

"नीलम, वाच हे."

वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: हितसंबंधांची घोषणा. खाली काकांचं वळणदार अक्षर. घोषणा करणाऱ्याचे नाव, स. वि. खांबेटे. संबंधाचे स्वरूप, पत्नी. कालावधी, एकेचाळीस वर्षे. प्रस्तावित उपाय: सदर संबंध येत्या रविवारपूर्वी संपुष्टात आणावा.

मी दोनदा वाचलं.

"जेवायला पानं घेतली होती गं मी," काकू म्हणाल्या. "पानाशेजारी ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला हा माणूस. म्हणजे रागावलाय. मी अध्यक्ष झालेलं त्याला सहन होत नाहीये." "एवढंच होतं तर तोंडानं सांगायचं. फॉर्म कशाला भरायचा?"

मला नाटकात नेहमी शेजारीण करतात, ते का, हे मला त्या क्षणी कळलं. मी कागद घेतला आणि रस्ता ओलांडला.

"काका, काकूंना सोडताय?"

"कोण म्हणालं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"संबंध म्हणजे हितसंबंध," ते म्हणाले. "मथळ्यात स्पष्ट आहे. प्रत्येक ओळीत 'हित' कशाला लिहायचं?"

"बायकोच्या कागदावर 'हित' गाळलं की असंच होतं, काका. मग संपवणार काय तुम्ही?"

त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"माझं पद. दुसरं काय?" ते म्हणाले. "तिला सहावं नाव सापडत नाहीये असं नाही. सापडलंय. ती ऋतुजा, आयटीतली, लॅपटॉप घेऊन येते ती. फोनवर होकारही दिलाय तिनं."

"तुम्ही बाहेर उभे राहता ना?"

"खिडकीला फट आहे. ते जाऊ दे. मृदुलाला मला सांगता येत नाहीये. निवडून आल्यापासून रोज रात्री भाताचा चमचा हातात घेऊन माझ्याकडे बघते आणि म्हणते, उद्या थंडी जास्त आहे. यादीत आधीच दोन जुने. तिसरा नवराच निघाला, तर तिच्या शब्दाला काय राहिलं? लोक हसतील. मी हसलो असतो."

"आणि तुम्हाला चालेल?"

"जा, तिला सांग," ते म्हणाले. "मला ते 'सदर' वगैरे न लावता सांगायला जमायचं नाही."

मी पुन्हा रस्ता ओलांडला. काकू जिथे होत्या तिथेच बसलेल्या.

"तुम्हाला सोडत नाहीयेत," मी म्हटलं. "सचिवपद सोडतायत."

माझी कल्पना होती की त्या सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"हे तर त्याहून वाईट," त्या म्हणाल्या. "अगं, ते निवृत्त झाले ना, तेव्हा सहा महिने रोज इस्त्रीचा शर्ट घालून ट्रामनं सिटीत जायचे. मला सांगायचे, लायब्ररीत जातो. एकदा मी दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते, तर हे स्टॉपवर बसलेले. ट्राम आली, गेली, दुसरी आली. हे बसलेलेच. मी हाक मारली नाही. मग त्यांनी मंडळाचे जुने सगळे कागद नीट लावायला काढले आणि ते जाणं थांबलं. आता मीच त्यांच्या हातातलं तेवढं काढून घेऊ?"

अशा वेळी नाटकातली शेजारीण चहा ठेवते. मी चहा ठेवला.

रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये सभा भरली. काका माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या रांगेत हीटरजवळ बसले. काकूंनी शेवटी त्यांचं ऐकलं होतं; टेबलाच्या डाव्या टोकाला, सचिवाच्या जागी, ऋतुजा लॅपटॉप उघडून बसली होती. काकांच्या खिशाला पेन नव्हतं. त्यांनी हात आधी छातीवर बांधले, मग मागे घेतले, शेवटी गुडघ्यांवर ठेवले.

काकू उभ्या राहिल्या. त्यांनी सहा नावं वाचली. गोखल्यांच्या नावाला मागून कुणीतरी "व्वा, बदल" म्हणालं आणि लोक हसले. काकू थांबल्या, हसणं संपू दिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सहा म्हटलं होतं, चार जमले. अकरा जणांनी मला नाही म्हटलं. ते अकरा जण आत्ता इथेच बसलेत आणि त्यांतले काही आत्ता हसलेसुद्धा. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण पुढच्या वर्षी मी पुन्हा फोन करीन, तेव्हा फुटीचा सीझन नसताना करीन." या वेळी लोक वेगळं हसले. मग त्या शिक्षणासाठी नव्यानं आलेल्या मुलांबद्दल बोलल्या, ज्यांना सणाला कुठं जावं ते कळत नाही. घरात नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांबद्दल बोलल्या, ज्यांना कुणी बसमधून हॉलपर्यंत आणत नाही. हातात कागद नव्हता. कुठेही आवाज चढवला नाही.

काका पुढे झुकले होते. तोंड किंचित उघडं.

"ती नेहमी असंच बोलते?" त्यांनी हळू विचारलं.

"कायम. प्रत्येक सभेत. तुम्ही होतात की तिथे."

"मी खाली मान घालून लिहीत होतो," ते म्हणाले. नजर पुढेच होती. "चौदा वर्षं. आणि दर वेळी काय लिहिलं माहितीय? सौ. खांबेटे यांनीही मत मांडले."

पुढे टाळ्या सुरू झाल्या. काकांना टाळ्या वाजवायची सवय नव्हती. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, आणि मग जरा उशिरा, इतर थांबायला लागले असताना, सुरुवात केली.